लेबल न वाचणारे मामा

मामा बाटलीवरचं लेबल कधी वाचत नसत. माझ्या चिठ्ठीवर एकदा नजर टाकायची आणि उजवा हात पाठीमागच्या फळीवर न्यायचा. मान वळवायची नाही. हात ज्या बाटलीवर पडे, ती हवी तीच असे. त्या फळीवर चाळीसेक बाटल्या होत्या, बऱ्याचशा एकाच उंचीच्या आणि एकाच तपकिरी रंगाच्या. मी नवीन होते तेव्हा त्यांच्या मागे उभी राहून गुपचूप लेबलं ताडून पाहत असे. पंधरा दिवसांनी मामा म्हणाले, "बाई, तुमी बसा खुर्चीवर. माहा हात चुकला तर हातच तोडून टाकीन मी." म्हणताना ते हसले होते, पण ते वाक्य मला आवडलं नव्हतं.

तेव्हा वाशीम हा वेगळा जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्यातच मोडत होतो. कामरगावपासून सहा-सात मैलांवरच्या एका गावात आमचा सरकारी दवाखाना होता. गावाचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती. मी नागपूरहून डॉक्टरकी शिकून आलेली, पहिलीच नेमणूक. एक नर्सबाई होत्या, पण त्या निम्मा महिना खेड्यांवर फिरतीला. म्हणजे दवाखाना म्हणजे मी आणि मामा. ते हुद्द्याने कंपाउंडर. आसपासच्या दहा-बारा गावांत त्यांना सगळेच 'कंपोंडरमामा' म्हणत आणि दोन महिन्यांत मीही मामा म्हणायला लागले. अकोल्याच्या एका जुन्या डॉक्टरांकडे बाटल्या धुता धुता ते शिकले होते. मग परीक्षा देऊन सरकारी नोकरीत आले.

माणसं त्यांना नावापेक्षा औषधाने जास्त लक्षात असत. एकदा एका गड्याच्या पायाला मोठी जखम झाली होती. मी पेनिसिलीनचं इंजेक्शन भरत होते. मामा काउंटरवरूनच ओरडले, "त्याले ते नोका देऊ, बाई! याचं सारं अंग सुजलं होतं, दम कोंडला होता. याचं लगीन झालं नव्हतं तवाची गोष्ट हाय." गड्याला स्वतःलाही ते धड आठवत नव्हतं. घरून म्हातारी आली आणि म्हणाली, होय, पोरगा तेव्हा मरता मरता वाचला. आमच्याकडे जुने कागद नव्हते. एका पावसाळ्यात वाळवीने खाल्ले होते. दवाखान्याचे सगळे कागद मामांच्या डोक्यात होते, आणि मला त्याची काळजी वाटण्याऐवजी आधार वाटत असे.

मामा बौद्ध. छप्पन साली त्यांच्या घराने धम्म घेतला होता. त्याआधी आणि नंतरही कित्येक वर्षं गावातली अर्धी घरं त्यांच्या हातचं पाणी घेत नव्हती. औषध मात्र घेत. एकदा दुपारी बाटलीला खुराकांच्या मापाची, कागदाची कातरलेली पट्टी चिकटवता चिकटवता ते मला म्हणाले, "मिश्चरात काय असते, बाई? पाणीच तर असते. रांजनातलं, मी भरलेलं. हे त्यायलेही ठाऊक हाय आन् मलेही. कोनी बोलत नाही." मग पट्टीवर अंगठा दाबत म्हणाले, "तीस वर्सं झाली. एकाचंही पोट दुखलं नाही माह्या पान्यानं. म्हनून चालू हाय. ज्या दिवशी दुखन त्या दिवशी ते औषध नाही म्हननार, पानीच म्हनतीन."

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात मी कामाच्या गर्दीतून सहज वर पाहिलं तर मामा फळीकडे तोंड करून उभे होते. हातात एक बाटली होती आणि ओठ हलत होते. ते लेबल वाचत होते. मला वाटलं, चला, म्हातारपणी शिस्त आली. तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती.

पुढे बारीकसारीक दिसायला लागलं. एकाच बाईला तेच मलम सकाळी दोनदा दिलं. दुपारी जेवून आल्यावर पुन्हा डबा उघडून बसले आणि रिकामा डबा पाहून झाकण लावू लागले. एकदा विषाच्या कपाटाची, म्हणजे जहाल औषधं कुलपात ठेवायच्या कपाटाची, किल्ली हातात घेऊन तीच किल्ली अर्धा तास शोधत होते. मी हसून म्हटलं, "मामा, हातात काय आहे?" ते हसले नाहीत. किल्लीकडे असे पाहत राहिले, जणू ती दुसऱ्या कुणीतरी आणून त्यांच्या हातात ठेवली होती. जुनं मात्र सगळं लख्ख होतं. अकोल्याच्या त्या डॉक्टरांच्या घोड्याचं नावसुद्धा ते सांगत.

त्या सुमारास औषध कंपनीचा एक प्रतिनिधी जीपमधून आला होता. असा माणूस आमच्याकडे वर्षातून एखादाच, वाट चुकल्यासारखा येई. त्याने पायरिटिनॉलच्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर मांडली. म्हातारपणी मेंदू थकतो, आठवण जाते, माणूस गोंधळतो, त्यावर हे नवीन औषध, मेंदूला तरतरी आणतं, परदेशात मोठमोठे डॉक्टर वापरतात, असं तो पाठ म्हटल्यासारखं सांगत होता. मी म्हटलं, इथे माणसं म्हातारी होण्याआधीच जातात, तुमची गोळी कोणाला देऊ? तो हसला आणि नमुन्याची पाकिटं ठेवून गेला. मामा काउंटरवर पेला धूत होते. पेला केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी धूत होते.

संध्याकाळी दार लावताना ते म्हणाले, "बाई, त्या गोळ्या कामाच्या असतात काय?"

"कोणासाठी हव्यात?"

"भाऊ हाय माहा. मोठा. मंगरूळपीरले राहते. इसरून राह्यला सारं. घरची वाट इसरला परवा."

मी पाकिटं देऊन टाकली. संध्याकाळी देऊ नका, झोप उडते, एवढंच सांगितलं. पंधरा दिवसांनी त्यांची मुलगी कमल मंगरूळपीरहून बापाला भेटायला आली. तिचं सासर तिथलं, नवरा तहसील कचेरीत. मी तिला विचारलं, "काकांना आता बरं आहे का?" ती म्हणाली, "कोनते काका, बाई? बाबा एकटेच. त्यायले ना भाऊ ना बहीन."

मी मामांना आत बोलावलं आणि विचारलं, गोळ्या तुम्हीच घेता ना? त्यांनी नाकारलं नाही. स्टुलावर बसले, हात मांड्यांवर ठेवले. म्हणाले, "सकाळी उठलो का भिंतीकडे पाहतो आन् एकेक बाटली म्हनतो. पहिल्या फळीची, दुसऱ्या फळीची. कधी कधी मधातच एक बाटली नसते. जागा असते, बाई, बाटली नसते." मग मान वर करून म्हणाले, "पन गोळीनं फरक हाय. चौदा महिने राह्यले माह्या नोकरीचे. तेवढे काढून द्या."

खरं तर फरक मलाही वाटत होता. आठ-दहा दिवस ते चलाख दिसत होते, मान न वळवता हात पुन्हा फळीवर जात होता. त्या गोळीचा तो गुण होता, का आम्हा दोघांच्या इच्छेचा, ते मला तेव्हा ठरवायचंच नव्हतं. दुसरा कंपाउंडर मागितला असता तर वर्षभर कोणी आलं नसतं. मामांशिवाय मी दवाखाना चालवू शकत नव्हते. मी अकोल्याहून आणखी गोळ्या मागवल्या आणि त्यांना म्हटलं, विषाच्या कपाटातलं काही घालायचं असेल तेव्हा मला दाखवून घाला. ते हो म्हणाले. रोज दाखवतही. मी बाटली पाहून मान हलवायची, ते थेंब मोजायचे. असे तीन महिने गेले. मला वाटत होतं, निभावलं.

मग कुटुंबनियोजनाच्या शिबिरांचे दिवस आले. वरून हुकूम आला की डॉक्टरांनी शिबिरावर हजर राहायचं, कारण सांगायचं नाही. मी तीन दिवस बाहेर होते. जाताना विषाच्या कपाटाची किल्ली मी बरोबर न्यायला हवी होती. मी ती मामांच्या हातात दिली, कारण आजवर तीच पद्धत होती आणि ती काढून घेणं म्हणजे त्यांना सगळ्यांसमोर नागवं करणं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी जीपमधून उतरले, तर दवाखान्यासमोर बैलगाडी उभी होती आणि भोवती माणसं. गाडीत वत्सला होती. गावातल्या एका मोठ्या शेतकरी घरातली सून, वीस-एकवीस वर्षांची. लग्नाला दोन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. तोंड लालबुंद, अंग तव्यासारखं तापलेलं, ओठ कोरडे पडून फुटलेले. ती हवेतून काहीतरी वेचून पदरात टाकत होती, कापूस वेचावा तसं. मी पापणी उघडली. डोळ्याची बाहुली इतकी मोठी झाली होती की भोवतीचा रंग दिसतच नव्हता.

आणि मी मोठ्याने बोलून गेले, "धोतऱ्यासारखं दिसतंय."

एवढा एक शब्द पुरला. वत्सलाचा भाऊ कामरगावहून आला होता. तो तिच्या सासूकडे वळला आणि किंचाळला, "दिला ना धोतरा! पोर होत नाही म्हनून मारून राह्यली माह्या बहिनीले!" म्हातारी जागच्या जागी बसली. "मी नाही रे बाप्पा, मी नाही," एवढंच ती म्हणत होती. कोणीतरी सायकलवर पोलीस जमादाराला आणायला गेलं.

मी पोरीला आत घेतलं, नळी घालून पोट धुतलं, अंगावर ओली फडकी घातली. हे करताना गाडीवानाने तिच्या उशाशी असलेली बाटली आणून टेबलावर ठेवली. आमच्याच दवाखान्याचं पोटदुखीचं मिश्चर. कातरलेल्या पट्टीवर सहा खुराक होते. दोन संपले होते.

पोटदुखीच्या मिश्चरात विषाच्या कपाटातल्या बेलाडोनाचा अर्क असतो, अगदी थोडा. तो जास्त झाला तर माणूस धोतरा खाल्ल्यासारखाच दिसतो. हे मला माहीत होतं. मी ती बाटली उचलली आणि टेबलाच्या खणात टाकली. विचार करून टाकली असं म्हणता येणार नाही. पण हात माझाच होता.

मामांनी ते पाहिलं.

जमादार आला, बाहेर खुर्ची टाकून बसला आणि म्हातारीला प्रश्न विचारायला लागला. पोरीचा भाऊ दगड घेऊन उभा होता, त्याला दोघांनी धरलं होतं. मामा माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "बाई, ते बाटली द्या."

"मामा, आधी हिला शुद्धीवर येऊ द्या."

"तोपर्यंत ते म्हातारीले घेऊन जातीन. द्या."

मी दिली नाही. त्यांनी स्वतः खण उघडला. बूच काढून वास घेतला, जिभेला बोट लावलं आणि डोळे मिटले. मग ते बाहेर गेले आणि जमादारासमोर उभे राहिले.

"साहेब, धोतरा नाही. हे औषध हाय. माह्या हातचं."

जमादार म्हणाला, "तुमी काय घातलं यात?"

"जे घालाचं ते घातलं आसन. पन एकदा घातलं का चारदा, ते सांगता येत नाही. घालतो, इसरतो, पुन्हा घालतो. मले आठवत नाही, साहेब. आठवत नाही म्हनूनच सांगतो, मीच."

गर्दीत कोणीतरी हसलं. भाऊ ओरडला, की हा म्हातारा मोठ्या घराला वाचवायला खोटं बोलतोय. तेव्हा मामांनी एक केलं. अकोल्याचे डॉक्टर अशा वेळी मांजराच्या डोळ्यात थेंब टाकून पाहत, ते त्यांना आठवत होतं. काल काय केलं ते नाही, पण चाळीस वर्षांमागचं ते मांजर आठवत होतं. त्यांनी काचेच्या नळीने मिश्चर ओढलं, मान मागे टाकली आणि स्वतःच्या उजव्या डोळ्यात दोन थेंब सोडले. जळजळून पाणी आलं, तरी डोळा चोळला नाही. पायरीवर बसून राहिले. जमादाराला म्हणाले, "थांबा थोडं."

कोणी गेलं नाही. ऊन डोक्यावर आलं, माणसं भिंतीच्या सावलीत सरकली. आत मी पोरीची नाडी मोजत होते आणि दर थोड्या वेळाने दारातून त्या डोळ्याकडे पाहत होते. तासाभरात तो बदलला. डावी बाहुली उन्हात टाचणीच्या डोक्याएवढी आणि उजवी काळीभोर, विहिरीसारखी. नेहमीच्या मापाच्या औषधाने तसं होत नाही. मामांनी तोंड वर करून ते सगळ्यांना दाखवलं, आधी जमादाराला, मग पोरीच्या भावाला. म्हातारीसमोर जाऊन म्हणाले, "आता उठा, माय."

भावाच्या हातातला दगड मामांच्या खांद्याला लागला. मामा खाली बसले, पण पळाले नाहीत.

वत्सला वाचली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पाणी मागितलं आणि नवऱ्याला ओळखलं. पण त्या आठवड्यात जे झालं ते मी विसरू शकत नाही. माणसं घराघरांतून औषधाच्या बाटल्या घेऊन येत आणि दवाखान्याच्या फाटकाशी ओतून जात. खोकल्याचं, तापाचं, हगवणीचं, सगळं एकाच मातीत. तिथली जमीन काळसर चिकट झाली, मुंग्यांनी भरली. एक बाई ओतताना मामांकडे पाहून म्हणाली, "कोनाच्या हातचं पानी पेत होतो आमी." मामा खिडकीतून ऐकत होते. त्यांनी मला विचारलं, "आज कोन्ता वार?"

चौकशी झाली. मामांना आजारपणाच्या कारणावरून वेळेआधी निवृत्त केलं. मला एक ताकीद मिळाली, किल्ली देऊन गेल्याबद्दल. गोळ्यांबद्दल मी अहवालात काहीच लिहिलं नाही. तीन महिन्यांपासून मला सगळं ठाऊक होतं, हेही लिहिलं नाही. मामांनी ते सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती. त्यांनी सांगितलं नाही. ते विसरले होते, का माझी लाज राखत होते, हे मला आजही कळलेलं नाही. ज्या दिवशी कमल त्यांना न्यायला आली, त्या दिवशी ते एसटीत बसताना मला म्हणाले, "बाई, नवा मानूस आला का त्याच्या मागं उभ्या राहजा. तो रागावला तरी." पुढे तीस वर्षं मी तसंच केलं. माझ्या हाताखालचे लोक त्याबद्दल मला नावं ठेवत.

चार महिन्यांनी कमलचं पत्र आलं. गोळी चालू ठेवू का, असं तिने विचारलं होतं. पुढे लिहिलं होतं, बाबांना माणसं आठवत नाहीत, मी आठवत नाही. पण एक गोष्ट जात नाही. दिवसभर विचारतात, ते पोरगी मेली काय? मी सांगते, वाचली. तेवढ्यापुरते शांत होतात, जेवतात, आणि ताट उचलायच्या आत पुन्हा विचारतात. गोळीने आठवण येते म्हणता, तर ती वाचली एवढं आठवेल अशी काही गोळी आहे का?

ते पत्र मी वत्सलाला वाचून दाखवलं. का दाखवलं ते सांगता येत नाही. बहुधा कोणालातरी दाखवायचं होतं. तिने पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "कधी जाचं?" घरच्यांचा विरोध होता. कोण जाणे काय झालं, पण सासूच म्हणाली, "जाऊ द्या तिले."

आम्ही सकाळच्या एसटीने मंगरूळपीरला गेलो. मामा ओसरीत खाटेवर बसले होते. खूप वाळले होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली कोनाड्यात गोळ्यांचं पाकीट. माझ्याकडे त्यांनी परक्या पाहुण्याकडे पाहावं तसं पाहिलं आणि नमस्कार केला. वत्सला खाली बसली.

"कोन वं तू?"

"मी वत्सला, मामा. मीच ते पोरगी. जित्ती हाय मी."

मामांनी तिचा हात धरला. त्यांची बोटं आपोआप मनगटावर नाडीपाशी गेली. ओठ हलत होते, ते ठोके मोजत होते. मग त्यांनी तिची पापणी वर केली, दोन्ही डोळे नीट पाहिले आणि इतके हसले, की कमल आतून धावत आली. "वाचली!" ते म्हणाले. "वाचली वं पोरगी!"

चहा आला. मामांनी बशीतून दोन घोट घेतले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. कप खाली ठेवून ते वत्सलाकडेच झुकले आणि कोणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाले, "बाई, ते पोरगी मेली काय?"

वत्सलाने कप बाजूला ठेवला. "नाही मेली, मामा. मीच ते. पाहा, नाडी पाहा." त्यांनी पुन्हा मोजली. पुन्हा हसले.

त्या दुपारी त्यांनी किती वेळा विचारलं ते मी मोजलं नाही. दर वेळी तिने तितक्याच सावकाशीने हात पुढे केला. मी उठून ओसरीच्या टोकाला जाऊन उभी राहिले, कारण मला ते बघवत नव्हतं. परतीच्या गाडीची वेळ झाली तेव्हा मी तिला खूण केली. ती उठली नाही. तिचा हात मामांच्या हातात होता.

"तुमी व्हा पुढं, बाई," ती म्हणाली. "मी मागच्या गाडीनं येतो. अजून एकदा इचारतीन ते."